रामराव बुढ्याची दोरी

पहाटे साडेचारला पोरीच्या, हर्षाच्या मोबाईलचा गजर वाजायच्या आत देवीदासचे डोळे उघडत. दोन वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही. डोळे उघडले की वाकळ नाकापर्यंत ओढून तो पडून राही आणि ऐकत राही. आधी मोरीत पाण्याचा आवाज. मग वाटीतले भिजवलेले चणे आणि गुळाचा खडा. पोट्टी उभ्याउभ्याच खाई. मग कडी निघे, आणि अंगणातून पांदणीकडे जाणारी पावलं वाजत.

पावलं एका माणसाची वाजायला पाहिजे होती. देवीदासला दोघांची ऐकू येत.

पुढं हर्षाची, हलकी, भरभर. तिच्यामागं अंमळ जड, लांब टाकलेली, त्यात डावा पाय जरासा घासणारा. तो घासणारा पाय त्याच्या पोराचा होता. शुभमचा. शुभमला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि त्याचे बूट माळ्यावर पोत्यात बांधून ठेवले होते. देवीदासनं स्वतःच्या हातानं गाठ मारली होती. तरी पावलं यायची. पांदणीनं विहिरीपर्यंत जायची, पुलियावरून, त्या छोट्या पुलावरून पुढं जायची आणि बोरीच्या झुडपापाशी एकाएकी बंद पडायची. आता मैलभर लांबचं घरात पडल्यापडल्या कोणाला ऐकू येतं? कोणाला सांगितलं असतं तर खुळ्यात काढलं असतं. म्हणून त्यानं सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं आणखीही एक होतं, तेही त्यानं दोन वर्षं पोटात ठेवलं होतं.

नांदगाव खंडेश्वरपासून दोन कोसांवर त्यांचं गाव. पाच एकर काळी जमीन, थोडी कापसाची पऱ्हाटी, थोडी तूर. घराच्या मधल्या भिंतीवर अजून शुभमच्या हातचा कागद चिकटवलेला होता. साडेचारला उठणे. पोटभर पाणी. पाचला पळणे. शंभर बैठका. साताला वावर. दुपारी पुस्तक. दहाला झोप. त्यापुढं रोजच्या खुणेच्या चौकटी. पोरगं मोठं नेकीचं. कंटाळा त्याला ठाऊक नव्हता. तो पोलीस भरतीच्या नादी लागला आणि अख्खं घर शिस्तीला लागलं होतं. देवीदासनं वीस वर्षांचा तंबाखू-सुपारीचा खर्रा एका दिवसात टाकला होता. पोरानं शब्दच तसा घेतला होता, "बाबा, मी पहाटेची झोप सोडतो, तुमी खर्रा सोडा." दोघांनी सोडलं. पोरगं गेलं तरी देवीदासनं पुन्हा खर्रा तोंडात घातला नाही. शब्द मोडायला समोर माणूस तरी पाहिजे ना.

कागदावरच्या शेवटच्या ओळीत पहिल्या दोन चौकटींत खुणा होत्या. उठणे. पाणी. पुढच्या चौकटी रिकाम्या. हर्षानं त्याखाली स्वतःचा कागद लावला होता, पण त्या रिकाम्या चौकटींना तिनं हात लावला नव्हता.

पोरीनं पळायला सुरुवात केली ती चोरून. शकुनला, तिच्या आईला, कळलं तेव्हा घरात तीन दिवस कोणी धड जेवलं नाही. "एक गेला त्या पांदणीत, तुले बी पाठवू का?" असं म्हणत शकुननं कपाळ बडवून घेतलं. शकुन स्वतः त्या पांदणीनं पाय टाकत नव्हती. वावरात जायला नाल्याकडून अर्धा कोस फेरा घेई, डोक्यावर भारा असला तरी. हर्षानं आईला समजावलं नाही, भांडलीही नाही. छातीची सगळी तपासणी अमरावतीला करून आली, कागद आईपुढं ठेवले आणि दुसऱ्या दिवशी साडेचारला उठली.

तिची पोलीस भरतीची मैदानी परीक्षा आता आठ दिवसांवर होती. आठशे मीटर, दोन मिनिटं पन्नास सेकंदांत. तेवढ्यात आली तर पैकीच्या पैकी मार्क. हर्षाला लागत होते तीन मिनिटं दहा. महिनोन्महिने तीन दहा. त्याच्या खाली काटा सरकतच नव्हता. पोट्टी घरी येऊन ओट्यावर बसे, घाम पुसे, वहीत आकडा लिही आणि वही मिटून टाके. चेहरा पाहवत नसे.

"यंदा नाई झालं त मंग नाई होणार, बाबा," ती एकदा म्हणाली. "वर्षालीच्या घरी पाहुणे येऊन गेले. आपल्या बी घरी येतीन. मंग कुठचं पळणं."

शुभमच्या मागं सायकल घेऊन जाणारा, हातात घड्याळ धरून ओरडणारा देवीदास पोरीच्या वेळेस घरात वाकळीत पडून राही. ती म्हणे, "बाबा, घड्याळ धरायले चला ना." तो म्हणे, "गुडघा दुखते." गुडघ्याला काही झालेलं नव्हतं.

पळायचं अंतर देवीदासनंच मोजलेलं होतं, शुभमसाठी. मारोतीच्या पारापासून सरळ पांदणीनं. मोजायला काढली ती त्याच्या बापाची, रामराव बुढ्याची दोरी. चौफुलीवर, उभ्या-आडव्या सारख्या अंतरावर पऱ्हाटी लावायची दोरी ती, पन्नास गाळ्यांची, दोन-दोन हातांवर गाठ. दोन हात म्हणजे तीन फूट, हे देवीदासला शाळेपासून पाठ. पन्नास गाळे म्हणजे दीडशे फूट. अशा पस्तीस दोऱ्या टाकल्या की सोळाशे मीटर. बापलेकांनी दिवाळीच्या पाडव्याला दोरी टाकत टाकत पांदण मोजली आणि पस्तिसाव्या दोरीच्या टोकाला गुडघ्याएवढा काळा दगड गाडला. निम्म्यावरच्या बाभळीला चुना फासला. तेच हर्षाचं आठशे.

"बाबा, मोबाईल जास्त दाखवून राहिला," शुभम एकदा म्हणाला होता.

"मोबाईलले अथी रेंज तरी येते का? तुले कमी पळायचं असन त कमी पळ. पण बुढ्याच्या दोरीले नावं नको ठेवू. तिच्यावर चाळीस वर्षं वावर पिकलं."

पोरगं हसलं होतं आणि पुन्हा मोबाईलचं नाव काढलं नव्हतं.

त्या दोरीवर देवीदासचा विश्वास होता आणि त्या दगडावर त्याचा नियम. दगडाला हात लावल्याशिवाय थांबायचं नाही. पाय मोडो, पोटात कळ येवो. पाच मिनिटं दहा सेकंद पाहिजे होते आणि पोरगं पाच चव्वेचाळीसच्या आत येत नव्हतं. देवीदास चिडे. चारचौघांत बोले, "आमचं पोट्टं अंग चोरते." शुभम ऐकून घेई.

शुभम गेला त्या दिवशी थंडी होती. विहिरीपाशी शुभम मागं वळून म्हणाला, "बाबा, छातीत कसंतरी होऊन राहिलं."

आणि देवीदास सायकलवरून म्हणाला, "नाटकं नको करू. दगडाले हात लाव, मंग बस."

पोरगं पळालं. पुलिया ओलांडला. बोरीच्या झुडपापाशी गुडघ्यावर आलं, मग तोंडावर पडलं. दगड अजून पुढं होता. डॉक्टर नंतर म्हणाले, काळीज जन्मापासूनच मोठं होतं, कधीही झालं असतं, घरी बसल्याही झालं असतं. ते वाक्य देवीदासनं घट्ट धरून ठेवलं होतं. त्यावरच तो जगत होता म्हणा ना. शकुनला त्यानं एवढंच सांगितलं, पळता पळता पडला. विहिरीपाशी काय बोलणं झालं, ते सांगितलं नाही.

रविवारी हर्षा तिच्या मैत्रिणीबरोबर, वर्षालीबरोबर अमरावतीला गेली. तिथल्या मैदानावर दोघी पळून आल्या. संध्याकाळी उड्या मारतच घरात आली पोरगी.

"बाबा, दोन एकावन्न आली! दोन एकावन्न!"

"त्याहीचं घड्याळ चुकत असन."

"घड्याळ मायंच होतं."

"मंग मैदान लहान असन."

"सरकारी मैदान लहान कसं राहीन, बाबा? आपली पांदणच मोठी हाय. दोरी चुकली असन."

देवीदासच्या अंगाचा तिळपापड झाला. "तुया आजाले खोटं म्हणतं तू? ज्यानं या घराले खाऊ घातलं त्याले?"

"खोटं काऊन म्हणू? मोजून पाहू म्हणतो. देवमन मिस्त्रीचा टेप आणतो उद्या. तीस मीटरचा हाय. तुमी चला."

"येतो. तुयं तोंड बंद करायलेच येतो."

सकाळी ऊन अंगणात उतरल्यावर दोघं बापलेक पारापाशी गेले. देवीदास दोन वर्षांनी त्या पांदणीत पाय ठेवत होता. दोन्ही बाजूंना तुरी वाळून खळखळत होत्या. हर्षानं टेपचं टोक त्याच्या हातात दिलं आणि ती पुढं निघाली. एक टेप. खडूची रेघ. दुसरा टेप. देवीदास रेघेवर वाकून टोक दाबून धरी आणि मनात मोजी. पंधरा झाले. वीस झाले. बाभळीचा चुना अजून बराच लांब दिसत होता.

सव्वीस टेप आणि वर वीस मीटर. हर्षानं खडूनं मोठी फुली मारली आणि बाभळीकडे पाहिलं. बाभूळ तिथून पुढं चांगली तीन टेप लांब होती.

"नव्वद मीटर जास्त, बाबा! मी रोज नव्वद मीटर जास्त पळून राहिलो! मी पास हाय! एक सेकंद राहिला फक्त!" पोट्टीनं टेपसकट दोन्ही हात वर केले. बाप हसेल म्हणून तिनं मागं पाहिलं.

देवीदास पुढं पाहत होता.

"चल," तो म्हणाला.

"कुठी?"

"पुढं. दगडापर्यंत."

तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. तिचा चेहराच उतरला. "बाबा, पुढं नको. मायं आठशेचं काम झालं. घरी चला."

"टेप धर."

"बाबा, नका ना."

"हर्षे, टेप धर म्हणलं."

तिनं धरला. बाभळीवरून पुढं गेले. विहीर आली. विहिरीच्या थारोळ्यापाशी देवीदासचे पाय आपोआप थांबले. इथंच पोरगं वळलं होतं. ओठ पांढरे पडले होते त्याचे, आणि ते थंडीनं असतील असं आपण धरून चाललो. पोरीनं पुढून टेप ताणला तसा तो हलला. पन्नास टेप. एक्कावन्न. बावन्न. त्रेपन्न. आणि वर दहा मीटर.

सोळाशे मीटर पुलियाच्या तोंडाशीच संपले.

बोरीचं झुडूप तिथून सत्तर पावलं पुढं होतं. देवीदास ती सत्तर पावलं चालत गेला. तिथल्या मातीत काही नव्हतं, बोराच्या बिया आणि शेळ्यांच्या लेंड्या. तो खाली बसला. पोरगं सोळाशे मीटर पळून वर सत्तर पावलं आलं होतं. त्याची शर्यत मागं पुलियावरच संपली होती. तिथं दगड असता तर तिथंच थांबलं असतं, बसलं असतं, पाणी मागितलं असतं. त्याच्या मागं सायकलवर बाप होता आणि बाप दगडाला हात लाव म्हणत होता.

घरी येऊन त्यानं आढ्याला टांगलेली बुढ्याची दोरी काढली. अंगणात उन्हात पसरली. दोन गाठींमधलं अंतर टेपवर धरलं. छत्तीस इंच पाहिजे होतं. चाळीस भरलं. पुढच्या दोन गाठी. चाळीस. त्याच्या पुढच्या. चाळीस.

रामराव बुढा सहा फुटांच्या वर उंच होता. त्याच्या सदऱ्याच्या बाह्यांसाठी शिंपी वेगळं कापड मागून घेई. बैलाच्या वशिंडावरून हात टाकला तर पलीकडे कोपर निघे. असा माणूस दोन हात मोजून गाठ मारत गेला, ते हात त्याचे होते. बुढा खोटा नव्हता. पऱ्हाटीला चार इंच इकडंतिकडं चालतं, पऱ्हाटी तक्रार करत नाही. देवीदासनं त्या हातांचे शाळेतले फूट केले होते.

"हर्षे, शुभमची शेवटची वेळ किती होती वहीत?"

"बाबा, राहू द्या ना."

"पाच चव्वेचाळीस. मले पाठ हाय. त्याचं काढ बरं. सोळाशेचं किती होते?"

तिनं मोबाईलवर हिशेब केला आणि मोबाईल पालथा घातला.

"किती?"

ती रडायला लागली.

"किती म्हणलं?"

"पाच नऊ."

देवीदास दोरी गोळा करू लागला. गाठीमागून गाठ कोपराभोवती गुंडाळत राहिला. सगळी गुंडाळून झाली तरी त्याचा हात फिरतच होता. पोरगं पास होतं. अंग चोरत नव्हतं. महिनाभर आधीपासून पास असेल, आणि रोज घरी येऊन मान खाली घालून बसत होतं.

दुपारी तूर कापायला गेले तेव्हा शकुननं ओळखलं की काहीतरी झालं आहे. दोघांनी शेजारशेजारच्या ओळी धरल्या होत्या. विळे चालत होते. वाळल्या शेंगा अंगाला लागून तडतड फुटत होत्या. ओळ अर्धी झाल्यावर देवीदास थांबला आणि उभ्यानंच सगळं बोलून गेला. आधी टेप, मग दोरी, मग पाच नऊ. आणि मग विहिरीपाशीचं. पोरगं काय म्हणालं ते, आणि आपण काय म्हणालो ते. एक शब्द गाळला नाही.

शकुननं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती कापतच राहिली. मूठ धरायची, विळा ओढायचा, पेंढी मागं टाकायची. अशी बांधापर्यंत गेली. बांधावर पाठमोरी उभी राहिली, पदर तोंडात कोंबून. खांदे हलत होते. देवीदास जागचा हलला नाही. तिनं विळा मारला असता तरी तो हलला नसता.

बऱ्याच वेळानं ती परत आली.

"दोन वर्षं तुमी माया हातचं खाल्लं अन मले सांगतलं नाई."

"नाई."

"मी रोज देवाले विचारून राहिलो, काऊन माया पोराले कोणी थांबोलं नाई. अन तुमी त्या देवघरापाशीच बसून चहा पेत होते."

"मी तुमाले माफ करणार नाई. आज नाई अन पुढं बी नाई. सांगून ठेवतो." तिनं नाक पुसलं. "तो दगड अजून तथीच हाय?"

"हाय."

"सब्बल घ्या."

ती पुढं आणि तो मागं. ती पांदणीत शिरली तेव्हा देवीदासचे डोळे भरून आले. दोन वर्षं डोक्यावर भारे घेऊन फेरा मारणारी बाई चपला वाजवत सरळ चालली होती. बोरीपाशी ती थांबली नाही, तिकडं पाहिलंही नाही. दगड पांदणीच्या कडेला तसाच होता, वर चुन्याचा पांढरा डाग. देवीदासनं सब्बल, ती लोखंडी पहार, घातली. काळ्या मातीनं दगड घट्ट धरला होता. दोन पावसाळे त्याच्यावरून गेले होते. तळहाताची साल निघाली तेव्हा दगड डळमळला. दोघांनी मिळून तो उपटला.

"फेकून देतो नाल्यात," देवीदास म्हणाला.

"फेकता काऊन? पोराचा हाय तो. जिथं त्याचं झालं तथी नेऊन लावा."

दगड दोघांनी धरून आणला. वीस-वीस पावलांवर टेकवायचा, दम घ्यायचा, पुन्हा उचलायचा. शकुनच्या बोटांतून रक्त आलं तरी तिनं सोडला नाही. पुलियाच्या तोंडाशी खडूची रेघ होती. तिथं खड्डा खणून दगड बसवला, भोवती माती दाबली. शकुन खाली वाकली आणि दगडाला हात लावला. हात तसाच ठेवून ती बराच वेळ बसून राहिली. मग उठून घराकडे गेली, एकटी.

दुसऱ्या दिवशी साडेचारला हर्षा मोरीतून बाहेर आली तर बाप अंगणात सायकल धरून उभा. गळ्यात ते जुनं घड्याळ, डोक्याला मफलर. तिनं विचारलं नाही, गुडघा कसा आहे. त्यांच्यामागं दारात आई उभी होती. कडी तिनं लावून घेतली नाही.

आठशेची नवी खूण म्हणून देवीदासनं कडुलिंबाची फांदी रोवली होती. तो तिथं जाऊन उभा राहिला. झुंजुमुंजु व्हायला लागलं होतं. पारापाशी हर्षानं बॅटरी हलवली. त्यानं घड्याळाचं बटण दाबलं.

पावलं आली. हलकी, भरभर. बॅटरी वरखाली नाचत जवळ येत होती. पोट्टीचा श्वास ऐकू आला, आणि ती फांदीवरून पुढं गेली.

"दोन एकोणपन्नास!" देवीदास ओरडला. आवाज फाटला त्याचा. "दोन एकोणपन्नास, बाई! थांब! बस खाली. छाती कशी हाय? दुखते का? खरं सांगजो."

"नाई दुखत, बाबा," हर्षा गुडघ्यांवर हात टेकून हसत म्हणाली. "काईच नाई होऊन राहिलं."

ती थांबली होती. पांदणीत दुसरं कोणी नव्हतं. पण देवीदासला ती दुसरी पावलं ऐकू आली. अंमळ जड, लांब टाकलेली, डावा पाय घासणारी. त्याच्या अंगावरून गेली, विहिरीकडे.

"बाबा, कुठी चालले?"

त्यानं सायकल टाकून दिली होती. पन्नाशीचा माणूस मफलर सोडून पळत सुटला. विहीर मागं पडली. छाती फुटायला आली. अंधारात पुलियापाशी तो दगड चाचपून सापडला, तेव्हा त्यानं त्यावर दोन्ही हात ठेवले आणि पुढच्या पांदणीकडे तोंड करून, होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडला,

"थांब बाप्पू! झालं! पाच नऊ आले तुये! थांब!"

मागून हर्षा धापा टाकत आली आणि बापाच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तो बोरीच्या झुडपाकडे कान लावून होता.

"आला का वं तिकडून आवाज?" त्यानं विचारलं.

"कशाचा, बाबा?"

देवीदास दगडाला टेकून खाली बसला आणि त्यानं शेजारची जागा हातानं झाडून मोकळी करून ठेवली.